माझ्या पोटातला करवतकाठ

मी एक डिस्क बोलतेय. गाण्याची तबकडी नव्हे, कंप्यूटरची डिस्क. आणि आजकाल पोरंसोरं पाकिटात घालून फिरतात ती लवचिक फ्लॉपी समजू नका मला. एकावर एक रचलेल्या तपकिरी थाळ्या, मधून दांडा, वरून पारदर्शक झाकण आणि झाकणाला मूठ, असा माझा थाट आहे. नागपूर स्टेशनावर मला उतरवून घेणाऱ्या हमालानं विचारलं होतं, "केक हाय का जी आत?" इतकी वर्षं झाली, पण तो प्रश्न काही माझ्या मनातून जात नाही.

जन्म माझा दक्षिणेकडच्या एका कारखान्यात. तिथं तोंडाला फडकी बांधलेल्या मुली आम्हाला असं जपायच्या की माशी सोडा, कोणाचा श्वाससुद्धा लागू द्यायच्या नाहीत. आणि तिथून पाठवलं कुठं, तर नागपूरला, तेही मे महिन्यात. चौऱ्याऐंशी साल होतं. गाडीतून उतरले तेव्हा वाटलं, संपलं आपलं, इथंच वितळणार. पण सीताबर्डीवर एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या कंप्यूटर केंद्रात माझ्यासाठी बंद खिडक्यांची, एसी लावलेली खोली तयार होती. माणसांसाठी नाही हं, माझ्यासाठी. त्यामुळे झालं काय, की उन्हाळ्यात त्या केंद्रातल्या झाडून सगळ्यांना माझी काळजी वाटायला लागली. दुपारभर कोणी ना कोणी "डिस्क नीट फिरते की नाही बघतो" म्हणत आत येऊन बसायचं आणि डुलकी काढून जायचं.

चपला मात्र दाराबाहेर. देवळात नाही एवढं सोवळं माझ्या खोलीत. दसऱ्याला मी ज्यात फिरते त्या कपाटाला हळदकुंकू लागायचं, वर आपट्याची पानं ठेवली जायची. नारळ बाहेरच्या जिन्यात फुटायचा, कारण केंद्राचे साहेब गणपतराव यांना धास्ती, की एखादा थेंब उडाला तर मी बंद पडेन. पूजा आटोपली की शोभाताई हळूच येऊन कुंकू पुसून टाकायच्या. धूळ ती धूळच, मग ती देवाची का असेना. शोभाताई तिथं प्रोग्राम लिहायच्या आणि मला त्या मनापासून आवडायच्या.

माझ्यावर बिऱ्हाडं तीन. एक काटोलच्या संत्रा बागायतदारांच्या संस्थेचं, कोणाचा माल कोणत्या ट्रकमध्ये भरायचा ते सगळं माझ्यावर. दुसरं विणकरांच्या संस्थेचं. तिसरं केंद्राचं स्वतःचं. तिघांना तीन खोल्या आणि पुढं एक सामाईक ओसरी. कोणाला काही तात्पुरतं ठेवायचं असेल तर ओसरीवर ठेवावं, काम झालं की उचलावं, अशी रीत. ठेवायचं सगळ्यांना बरोबर कळायचं. उचलायचं कोणालाच आठवायचं नाही.

पुढच्या वर्षी कौशल्या आली.

तांडापेठेतल्या विणकराच्या घरची पोर. वडील नत्थूजी. त्यांचा माग केव्हाच उचलला गेला होता, आणि ज्या माणसानं आयुष्यभर लुगडी विणली तो आता पाचपावलीतल्या एका दुकानात दुसऱ्यांच्या कापडाच्या घड्या घालत होता. कौशल्या शिकली, कंप्यूटरवर आली. बोलायची कमी, पण तिच्या बोटांना लय होती. कीबोर्डवर तिची बोटं पडायला लागली की मला बसल्या जागी कळायचं, आज शोभाताई नाहीत, कौशल्या आहे.

आल्या आल्या तिनं एक गोष्ट पाहिली. संत्र्यांच्या प्रोग्राममध्ये गणपतराव रोज काहीतरी दुरुस्ती करायला सांगायचे, आणि इकडचं सरळ केलं की तिकडचं वाकडं व्हायचं. वाकडं झाल्याचं कळायचं कधी, तर ट्रक भरताना. तेव्हा तिनं प्रोग्रामचीच परीक्षा घेणारा प्रोग्राम लिहिला. रोज सकाळी नऊला तो आपला आपण सुरू व्हायचा. माझ्यावर खोटे बागायतदार उभे करायचा, त्यांना खोट्या बागा द्यायचा, खोटे ट्रक बोलवायचा, आणि खऱ्या प्रोग्रामला म्हणायचा, चल, लाव हिशोब. उत्तर बरोबर आलं तर ठीक, चुकलं तर कुठं चुकलं ते छापून मोकळा. तोवर कौशल्या आणि शोभाताई चहा पिऊन यायच्या. कोणी न सांगता यंत्रच यंत्राची परीक्षा घेतंय, हे बघायला शेजारच्या ऑफिसातली माणसं येऊन गेली. एसी होताच म्हणा.

खोट्या बागायतदारांची नावं पोरीनं भाजीबाजारातून उचलली होती. वांगेराव, दोडकेराव, भोपळेबाई. मुक्काम सगळ्यांचा नसलेगाव. मला मोठी मौज वाटायची. सकाळी नऊला दोडकेराव जन्माला यायचे, त्यांची संत्री पिकायची, ट्रकमध्ये चढायची, आणि पाच मिनिटांत परीक्षा संपली की शेवटच्या ओळीला सगळं आवरून दोडकेराव नाहीसे.

हे झालं परीक्षा शेवटपर्यंत गेली तर. पण नागपूरची वीज तुम्हाला माहीत आहे. मध्येच दिवे गेले की परीक्षा जागच्या जागी कोसळायची, आवराआवरीची शेवटची ओळ यायचीच नाही, आणि दोडकेराव बागेसकट माझ्या ओसरीवर मुक्कामाला. त्याहून वाईट म्हणजे कडी. परीक्षा चालू असताना दुसऱ्या कोणी ट्रकच्या यादीला हात लावू नये म्हणून ती आतून कडी घालायची. परीक्षा कोसळली की कडी तशीच. आत कोणी नाही आणि दार बंद.

त्या दाराशी बसायचे रुपराव. ते काटोलच्या संस्थेचे माणूस. पहाटेच्या एसटीनं यायचे, दुपारच्या आत ट्रकची यादी छापून घ्यायची आणि फोनवरून गावी कळवायची, हे त्यांचं काम. अंगानं आडवे, आवाजानं त्याहून आडवे. "काहून जी शोभाताई," ते म्हणायचे, "आजही आतून कडीच हाय का? आमची संत्री झाडावर हायत, तुमच्या दारासाठी का थांबून राहतील?" आणि हे ऐकवताना पिशवीतून चार संत्री काढून टेबलावर ठेवायचे. रागावले तरी रिकाम्या हातानं कधी रागावले नाहीत.

आता नत्थूजींचं सांगते, कारण माझी खरी गोष्ट तीच आहे.

एका रविवारी कौशल्या त्यांना घेऊन आली. चप्पल बाहेर काढून, टोपी हातात धरून ते आत आले आणि थंडीनं कुडकुडले. कौशल्यानं शाल आणली होती. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "इच्या पोटात किती लुगडी माईन वं?"

"मावतील तितकी, बाबा. तुम्ही सांगा तर खरं."

करवतकाठ तुम्ही पाहिला असेल. करवतीच्या दातांसारखी नक्षी लुगड्याच्या काठाला असते ना, तोच. पण नत्थूजींना नुसता करवतकाठ येत नव्हता, त्याचे त्यांच्या आजापणजापासून चालत आलेले प्रकार येत होते. मोठा दात, दुहेरी दात, दातात फूल. कुठं चित्र नाही, आकडे नाहीत. कोणता धागा वर, कोणता खाली, सगळं डोक्यात. आणि ते काठ आता कोणी विणत नव्हतं. म्हणून कौशल्यानं ठरवलं होतं की बापाच्या डोक्यातलं माझ्या पोटात उतरवायचं. उद्या उमरेडच्या कोणा विणकरानं विणायचं म्हटलं तर असायला तरी हवं.

नत्थूजी डोळे मिटून बसायचे. हात मांडीवर धोटा फेकल्यासारखा हलायचा आणि ते सांगत जायचे, "वर, वर, खाली, वर." कौशल्या टाइप करत जायची. वर म्हणजे एक, खाली म्हणजे शून्य. पण प्रत्येक काठाच्या आधी ते न चुकता म्हणायचे, "दोन लाल, एक पांढरा, दोन लाल."

"हे काठात कुठं येतं, बाबा?" तिनं पहिल्या दिवशी विचारलं.

"काठात नाही येत. ते माही खूण हाय. खुणेबिगर मी कापड सुरू करत नाही. लिव तू."

तिनं लिहिलं. हसत लिहिलं, पण लिहिलं. माझ्या अंगावर तोवर ट्रक आणि सुताच्या गुंड्याच नोंदल्या गेल्या होत्या. त्या रविवारी पहिल्यांदा कोणीतरी माझ्यावर सुंदर काही ठेवलं. मी काही फार हळवी नाही, पण त्या दिवशी मला बरं वाटलं ते वाटलंच.

अडचण एकच होती. घरगुती काम माझ्यावर ठेवायचं नाही, असा गणपतरावांचा सक्त नियम. कौशल्याला विचारायचा संकोच. तिनं काय केलं, तर ते काठ ओसरीवर ठेवले, आपल्या परीक्षेच्या सामानात, परीक्षेच्याच नावानं. सगळे काठ सांगून झाले की एकदम छापायचे आणि माझ्यावरून उचलायचे, असा तिचा बेत. दर शनिवारी टेपवर नक्कल उतरायची ती तिन्ही खोल्यांची. ओसरीची नक्कल कोण करतो?

दिवाळी झाली आणि नत्थूजींना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कौशल्या रजेवर, दवाखान्यात.

इकडे संत्र्यांचा हंगाम भरात. आणि परीक्षा रोज सकाळी नऊला आपली चालूच, तिला कोण दवाखाना आणि कोण दिवाळी. वीज गेली, परीक्षा कोसळली, पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. ओसरीवर पाय ठेवायला जागा राहिली नाही. शेवटी एक दिवस दोडकेराव ओसरीवरून घसरून थेट खऱ्या यादीत गेले. यादी इंग्रजी अक्षरांत छापलेली, त्यामुळे नावाची कोणाला शंका आली नाही, ती फोनवरून वाचून दाखवली, ट्रकवाला निघाला. नसलेगाव शोधत तो बिचारा काटोल ते नरखेड दुपारभर हिंडला. चहाच्या प्रत्येक टपरीवर विचारलं. एका म्हाताऱ्यानं तर त्याला रस्ताही सांगितला म्हणे.

आम्ही हसतो आता. तेव्हा कोणी हसलं नाही. रुपराव इतके चिडले की त्या दिवशी पिशवीतून संत्रीसुद्धा निघाली नाहीत. गणपतराव म्हणाले, "ही परीक्षा उद्यापासून बंद. प्रोग्राम लिहायचा आणि वापरायचा, परीक्षेचं खूळ नको."

"सर, परीक्षा चांगली आहे," शोभाताई म्हणाल्या. "तिच्यामुळे चुका सापडतात. मागचं खरकटं उचलायचं राहतं, एवढंच. कौशल्या यायच्या आत मी सगळं उचलते. मग तर झालं?"

गणपतराव मानले, परीक्षा राहिली, आणि शोभाताईंनी उचललं. संध्याकाळी निघण्याआधी एक आज्ञा दिली, की ओसरीवर परीक्षेच्या नावानं जे जे आहे ते सगळं काढ. वांगेराव गेले, भोपळेबाई गेल्या, दोडकेराव गेले. आणि त्यांच्याबरोबर नत्थूजींचे काठ गेले. शोभाताई खूश होऊन घरी गेल्या. मैत्रिणीचं काम वाचवलं, पोर बापाच्या उशाशी बसली आहे, तिला आल्यावर लख्ख ओसरी दिसेल. त्यांच्या मनात चांगलंच होतं. मी होते ना तिथं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौशल्या कामावर आली. डोळे सुजलेले. शोभाताईंनी विचारलं, कसे आहेत बाबा? ती म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, माणसं ओळखतात. पण बोलणं परत येईल की नाही, सांगता येत नाही." मग खुर्चीवर बसली आणि तिनं सगळ्यात आधी काठ उघडायला घेतले. मी उत्तर दिलं, अशी काही वस्तू इथं नाही. तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं, कारण मला तेवढंच सांगता येतं.

"शोभाताई, ओसरीवर हात फिरवला का कोणी?"

शोभाताईंनी आनंदानं सांगितलं. सांगता सांगता कौशल्याचा चेहरा पाहिला आणि विचारलं, काय होतं गं तिथं तुझं?

आता ऐका, कारण हे माणसांना चटकन कळत नाही. माझ्यावरून एखादी वस्तू काढली म्हणजे काय होतं? दारावरची तिच्या नावाची पाटी काढतात. बस. वस्तू आतच असते, दुसरं कोणी त्याच जागेवर लिहीपर्यंत. नत्थूजींचे काठ माझ्या अंगावर होते, जवळजवळ धागा न धागा. मला माहीत होतं. आणि मला हेही माहीत होतं की कोपऱ्यातल्या खुर्चीवर रुपराव बसले आहेत, थोड्याच वेळात ट्रकची लांबलचक यादी तयार व्हायची आहे, आणि ती लिहायला मी जागा देणार ती हीच, कारण आता मोकळी होती ती हीच. असा जीव तुटत होता माझा. नुसती गरगर फिरत होते. ओरडायला तोंड कुठं आहे मला.

शोभाताईंनी कपाळाला हात लावला होता. कौशल्या मात्र माझ्याकडे बघत होती. मग उठली, माझ्या कपाटापाशी आली आणि समोरचं एक बटण दाबलं. त्याचा लाल दिवा लागला. हे बटण दाबलं की माझ्यावरचं वाचता येतं, पण माझ्यावर लिहिता येत नाही. आल्यापासून ते कोणी दाबलं नव्हतं.

सगळं काम ठप्प. पडद्यावर लाल अक्षरं. गणपतराव धावत आले. "कौशल्याबाई, हे काय? हंगाम आहे, यादी अडली आहे."

तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. काठ घरचे होते, नियम मोडून ठेवले होते, परीक्षेच्या नावाखाली लपवले होते. आता वडिलांना बोलता येत नाही. "साहेब, उद्या मला काढून टाका. पण आजचा दिवस हिच्यावर कोणी काही लिहू नका. अजून आहेत ते तिथं."

गणपतराव काही वाईट माणूस नव्हेत. पण त्यांच्या हातात काय होतं? आजची यादी रुपरावांची होती. त्यांनी रुपरावांकडे पाहिलं.

"नाही जमत," रुपराव म्हणाले. "माल तोडून ठेवला हाय. ट्रक उभे हायत. परवा तुमच्या त्या दोडक्यापायी माहा ट्रक गावभर हिंडला, ते विसरलो का मी?"

 कौशल्यानं बटणावरचा हात काढला नाही. रुपरावांनी उपरण्यानं मान पुसली. एसीत माणसाला घाम येताना मी तेव्हाच पाहिला.

"बाप बोलतच नाही म्हणता?" त्यांनी विचारलं.

"नाही जी. डोळ्यानं बघतात फक्त."

रुपराव उठले. टेबलावरचा एक कोरा कागद ओढला. "साहेब, काटोलले ट्रंककॉल लावा. तुमचा कंप्यूटर यायच्या आधी आम्ही गाड्या भरतच होतो ना? आज हातानं करतो यादी. चुकली तर चुकली, नसलेगावले तर नाही जाणार." मग कौशल्याकडे वळून म्हणाले, "बाई, माह्या मायजवळ करवतकाठी लुगडं होतं. तू शोध."

मग त्या दोघी शोधायला बसल्या. माझी एकेक जागा उघडून पडद्यावर आणायची, वाचायची, पुढं जायचं. जुनी सुताची नोंद, अर्धा ट्रक, भोपळेबाईची बाग, पुन्हा अर्धा ट्रक. सगळ्याच्या पाट्या गेलेल्या, सगळं एकमेकांत. शोभाताईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते न पुसता वाचत होत्या.

"रडू नका," कौशल्या म्हणाली. "मी पण केलंय हे. लहान होते. आमच्या गल्लीत सकाळी ताणा लावायचे, खुंट्या ठोकून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सुताला खळ द्यायला. गल्ली सगळ्यांची. म्हणून ज्याच्या त्याच्या खुंटीला ज्याची त्याची चिंधी बांधलेली. आपलं झालं की आपल्या खुंट्या आपण काढायच्या. एकदा मला वाटलं, जनाबाईचं झालं असेल, मदत करू. उपटल्या तिच्या खुंट्या. तिचा सगळा ताणा गुंता होऊन पडला. चिंधी कोण बघतं?"

 तिची बोटं थांबली.

"शोभाताई, चिंधी," ती म्हणाली. "बाबांनी प्रत्येक काठाला चिंधी बांधली आहे. दोन लाल, एक पांढरा, दोन लाल. तेवढीच ओळ शोधायची."

मग काय, अर्धा तासही लागला नाही. एवढासा प्रोग्राम लिहिला, माझ्यावर नाही, कंप्यूटरच्या तात्पुरत्या आठवणीत, आणि तो माझ्या सगळ्या अंगावरून ती खूण शोधत फिरला. पहिला काठ सापडला तेव्हा शोभाताईंनी कौशल्याचा दंड इतका घट्ट धरला की बांगडी पिचली. दिवेलागणीला बाकीचेही मिळाले. काठ छापायला लावले. त्या खडखडणाऱ्या प्रिंटरमधून लांबच लांब कागद बाहेर येऊ लागला आणि त्यावर चांदण्या आणि ठिपक्यांनी काढलेले करवतीचे दात. रुपराव शेवटची एसटी सोडून थांबले होते. कागद हातात धरून ते म्हणाले, "हेच. माह्या मायच्या लुगड्याले हेच होतं."

शेवटचा काठ तेवढा अर्धाच मिळाला. दातात फूल असलेला. त्याच्या उरलेल्या अर्ध्यावर त्याच सकाळी नऊला परीक्षेनं दोडकेरावाची बाग लावली होती. कौशल्यानंच लिहिलेल्या परीक्षेनं. तिनं तो अर्धा कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवला. 

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, आठवड्याभरानं ती शोभाताईंना सांगत होती ते ऐकलं. घरी आणलेल्या नत्थूजींसमोर तिनं तो कागद धरला. ते बघत राहिले. डाव्या हाताचं बोट चांदण्यांवरून चालवत अर्ध्यापर्यंत आले आणि जिथं कागद कोरा झाला तिथं थांबले. तिला वाटलं, दाखवायलाच नको होता. मग ते बोट गादीवर आपटायला लागलं. दोनदा. थांबलं. एकदा. थांबलं. दोनदा. आई म्हणाली, काही दुखत असेल. कौशल्याला कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा ती पेन शोधायला धावली. बाबा खूण सांगत होते. खुणेबिगर ते सुरूच करत नाहीत ना. त्यापुढं बोट वर म्हणजे धागा वर, बोट खाली म्हणजे धागा खाली. फूल पुरं व्हायला चार दिवस लागले.

हे ऐकून शोभाताई रडल्या आणि हसल्या. मी आपली फिरत राहिले. दुसरं काय येतं मला?

कौशल्याला कोणी काढलं नाही. गणपतरावांनी तिला खोलीत बोलावून खूप सुनावलं आणि शेवटी सांगितलं की विणकरांच्या संस्थेच्या खोलीत काठांना रीतसर जागा द्या, लपवाछपवी नको. परीक्षाही राहिली, पण तिला शिस्त लागली. आता ती जे काही उभं करेल त्यावर जन्मतःच तिची खूण. झाडू फिरेल तो फक्त ती खूण असलेल्यावर, दुसऱ्याच्या कशालाही हात नाही. आणि आवरायचं शेवटच्या ओळीवर सोडायचं नाही, कारण शेवटची ओळ येईलच असं नाही. रोज सकाळी परीक्षा आधी मागे वळून बघते, काल मध्येच कोसळले होते का, माझी कडी तशीच राहिली का, माझे कोणी मागे राहिले का. ते उचलते आणि मगच नवे दोडकेराव उभे करते. त्यानंतर रुपराव दाराशी बसले नाहीत. म्हणजे बसायचे, पण एसीसाठी.

आता एकोणनव्वद चालू आहे. माझ्या जागी नवी डिस्क आली आहे, हातात मावेल एवढी, आणि माझ्या कितीतरी पट तिच्यात मावतं म्हणे. असू दे. माझी बिऱ्हाडं तिच्याकडे हलली. मला एका कॉलेजात नेऊन ठेवणार आहेत, पोरांना दाखवायला. नेण्याआधी माझ्यावरचं सगळं पुसायचं आहे. कोणाचं काही कोणाच्या हाती जायला नको, ते बरोबरच आहे. उद्या कौशल्याच पुसणार आहे, आणि यावेळी नुसत्या पाट्या काढणार नाही, सगळ्या अंगावर शून्य लिहिणार आहे. तिनं तसं मला सांगितलं. माझ्याशी बोलायची सवय तिला त्या दिवसापासून लागली.

पुढच्या पोरांनो, तुम्ही माझ्याभोवती गोळा होऊन केक आहे का विचाराल, विचारा. एवढं मात्र लक्षात ठेवा. सगळ्यांच्या जागेवर काही मांडलंत तर त्यावर आपली खूण करा, आणि आपली खूण असेल ते आपण उचला. दुसऱ्याची खुंटी दिसली, तर उपटण्याआधी तिची चिंधी बघा.

मला पुसलं जायचं दुःख नाही. उमरेडच्या बबनराव नावाच्या विणकरानं गेल्या वर्षी तो दातातल्या फुलाचा काठ विणला. पहिलं लुगडं नत्थूजींच्या मांडीवर ठेवलं तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी कापडाचं टोक उलटून पाहिलं. दोन लाल, एक पांढरा, दोन लाल. होते. त्या विणीतला उरलेला तुकडा कौशल्यानं शिवून आणला आहे, माझ्या झाकणावर घालायला. काल तिनं तो मापाला लावून पाहिला आणि मुठीपाशी जरा ओढून सारखा केला. पोटातलं उद्या जाईल. काठ आता अंगावर आहे.